आबांची बिनसाखरेची पोळी आणि दारातला वाघ्या

वाचकाचा प्रश्न

यावल तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र आलं आहे. सासरे, म्हणजे घरचे आबा, 68 वर्षांचे. 12 वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिनची गोळी चालू, आणि 3 वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, बसवलेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांना पुरणपोळी खाता यावी म्हणून पुण्यातल्या दिरानं झायलिटॉल नावाच्या, साखरेऐवजी वापरायच्या गोड पुडीचं अर्धा किलोचं पाकीट पाठवलं. सुनेनं सणाआधी थोडं पुरण करून पाहिलं, गुळाऐवजी तेवढंच मोजून ही पूड घातली. आबांनी आवडीनं 2 पोळ्या खाल्ल्या आणि रात्रभर पोट बिघडलं. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर निरोप आला की ही साखर खाऊन कुत्री मरतात. नवरा म्हणतो, "ज्यानं कुत्रं मरतं, ते बापाला खाऊ घालायचं?" सासूबाई म्हणतात, "दिसायला साखर, चवीला साखर, म्हणजे साखरच. पहिल्या पोळीचा चतकोर कुत्र्याला जातो, तो जाणारच." दारात वाघ्या आहे. दिराला नको म्हणावं तर तो दुखावेल. ताई विचारतात : पाकीट फेकून देऊ का? आणि आबांना पोळी द्यायची तरी कशाची?

उत्तर

ताई,

तातडीचं आहे ते आधी सांगते. या पाकिटातलं पुरण भरलेली पोळी वाघ्याला घासभरसुद्धा देऊ नका. निरोपातली तेवढी गोष्ट खरी आहे.

तुमच्याच मापानं हिशेब करू. एका मध्यम पोळीत 30 ग्रॅम गूळ जातो असं धरलं, तर तुम्ही घातलेलं झायलिटॉलही तेवढंच. चतकोर पोळीत साडेसात ग्रॅम. राखणीचं गावठी कुत्रं 15 किलोच्या आसपास भरतं. कुत्र्याच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे 0.1 ग्रॅम झायलिटॉल गेलं, तरी त्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. वाघ्यासाठी हे दीड ग्रॅम झालं, म्हणजे पोळीचा विसावा भाग. दर किलोमागे 0.5 ग्रॅमपासून यकृत निकामी होण्याची भीती सुरू होते, आणि 15 किलोच्या कुत्र्यासाठी हे बरोबर साडेसात ग्रॅम होतात. सासूबाई ज्या प्रेमानं चतकोर टाकतील, त्या चतकोरातच एवढी मात्रा भरते. उपाशीपोटी दारात बसून राहिलेल्या कुत्र्यासाठी तर ते आणखी वाईट.

असं का होतं? माणसाच्या आतड्यात झायलिटॉल सावकाश आणि अर्धवट शोषलं जातं. जेवढं रक्तात जातं, त्याचा बराचसा निकाल यकृत लावतं, त्यासाठी इन्सुलिनची फारशी गरज पडत नाही. कुत्र्याच्या आतड्यातून मात्र ते झपाट्यानं रक्तात उतरतं, आणि त्याचं स्वादुपिंड भरपूर साखर आल्यासारखं इन्सुलिन सोडतं, तेवढीच खरी साखर खाल्ल्यावर सोडलं असतं त्याच्या कितीतरी पट. साखर आलेलीच नसते. मग रक्तात जी आहे तीच ओढली जाते आणि कुत्रं अर्ध्या-एक तासात लटपटायला लागतं.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. बापाच्या काळजीपोटी ते बोलले, आणि जे कुत्र्याला मारतं ते माणसाला कसं चालेल असं कोणालाही वाटेल. पण ही कसोटी लावायची तर शिऱ्यातले मनुकेही काढून टाकावे लागतील. द्राक्षं आणि मनुके खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. कांदा-लसणानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटमधला थिओब्रोमिन नावाचा घटक त्यांना पचवता येत नाही. आपण मात्र कांद्याशिवाय शेवभाजीचा मसाला वाटत नाही. कुत्र्याचं शरीर आपल्या शरीराची छोटी प्रत नव्हे. त्यामुळे कुत्र्याला बाधतं म्हणून आबांना बाधेलच असं नाही, आणि आबांना चालतं म्हणून वाघ्याला चालेल असंही नाही. यजमान आणि सासूबाई एकाच गैरसमजाच्या दोन टोकांना उभे आहेत. दोघांना एकत्र बसवून हे सांगितलंत, तर कोणाचीच हार झाल्यासारखं वाटणार नाही.

मग झायलिटॉल माणसाला निर्धोक आहे का? मी 'हो' म्हणून मोकळी होणार नाही, कारण उत्तर मात्रेवर आहे आणि आबांच्या छातीतल्या स्टेंटवरही आहे.

झायलिटॉल, एरिथ्रिटॉल, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, मॅनिटॉल ही सगळी एका कुळातली, शुगर अल्कोहोल नावाची गोडी. आबा माळकरी असतील तर सांगून ठेवा, दारूशी किंवा नशेशी हिचा काही संबंध नाही. झायलिटॉल जर्मनीत 1891 च्या सुमारास सापडलं. फिनलंडमध्ये 1970 च्या दशकात ते बर्च झाडाच्या लाकडापासून मोठ्या प्रमाणावर तयार व्हायला लागलं, आणि आता मक्याच्या कणसाच्या बुरकुंडापासूनही करतात. साखरेच्या ग्रॅमला 4 कॅलरी, झायलिटॉलच्या 2.4. गोडी साखरेएवढीच, आणि रक्तातली साखर फार थोडी चढते. दातांना कीड लावणारे जंतू हिच्यावर पोसले जात नाहीत, म्हणून च्युइंगगममध्ये ती वापरतात. गम चघळताना जाते ती ग्रॅमभर किंवा त्याहून कमी. तुमच्या पोळीत ती 30 ग्रॅम आहे. गमच्या भरवशावर पोळीचा निकाल देता येत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

आबांचं पोट त्या रात्री का बिघडलं, ते यातच आलं. 2 पोळ्यांतून 60 ग्रॅम झायलिटॉल गेलं. जे शोषलं गेलं नाही ते मोठ्या आतड्यात उतरलं, त्यानं पाणी ओढून घेतलं, उरलेल्यावर तिथल्या जंतूंनी आंबवण करून वायू केला. यात विषबाधा नाही आणि तुमच्या हाताचा दोष तर मुळीच नाही. सवय नसलेल्या माणसाला एका वेळी 20-30 ग्रॅमनंसुद्धा गुडगुड होऊ शकते. त्यात मेटफॉर्मिननं मुळातच काहींचं पोट ढिलं राहतं. आपल्याकडे ज्या पदार्थात ही गोडी 10 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्याच्या वेष्टनावर जुलाब होऊ शकतात अशी सूचना छापावी लागते. तुमच्या पाकिटावर ती बारीक अक्षरात कुठेतरी असेल, पाहा. पण आखाजीच्या दिवसांत, जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो तेव्हा, 68 वर्षांच्या मधुमेही माणसाला रात्रभर जुलाब होणं हलक्यात घेण्यासारखं नाही. शरीरातलं पाणी आटलं की रक्तदाब पडतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि अशा वेळी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. पुन्हा असं झालं तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

स्टेंटचं आता बोलते. 2023 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी 'नेचर मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापला. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त, त्यांच्यात पुढच्या 3 वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचं प्रमाण जास्त आढळलं. 2024 मध्ये त्याच गटानं झायलिटॉलबद्दलही तसंच लिहिलं. निरोगी माणसांना 30 ग्रॅम झायलिटॉल पाण्यातून दिल्यावर त्यांच्या रक्तातल्या गुठळी करणाऱ्या पेशी काही काळ जास्त चटकन चिकटायला लागल्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. हे दोन्ही पदार्थ आपलं शरीर स्वतःही थोडे तयार करतं, आणि ज्याची शरीरक्रिया आधीच बिघडलेली आहे त्याच्यात जास्त करतं. म्हणजे रक्तातलं जास्त प्रमाण आजाराचं कारण आहे की आजाराची खूण, हे या अभ्यासांतून ठरत नाही. पेशींवरचे प्रयोगही अगदी मोजक्या माणसांवर झाले आहेत. निरोगी माणसानं एखादी शुगर-फ्री गोळी चघळली म्हणून घाबरण्याचं कारण मला दिसत नाही.

आबा त्या निरोगी माणसांत बसत नाहीत. त्यांची रक्तवाहिनी एकदा तुंबून झाली आहे. त्या प्रयोगात 30 ग्रॅम दिलं होतं, आणि तुमच्या एका पोळीत तेवढंच आहे. शंका अर्धवट असली तरी ती आबांसारख्यांबद्दलचीच आहे, आणि पुरणपोळी काही औषध नाही की जोखीम घेऊन द्यावी. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आबांना झायलिटॉलची पोळी देऊ नका. एरिथ्रिटॉलचीही नको. एरिथ्रिटॉलनं पोट कमी बिघडतं, कारण त्याचा बहुतेक भाग रक्तात जाऊन लघवीवाटे तसाच बाहेर पडतो, पण हृदयाची शंका त्याच्याबद्दलही आहेच. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत हे जरूर विचारा आणि ते सांगतील ते माझ्या शब्दापेक्षा वर माना.

आता ज्या समजुतीवर ही सगळी खटपट उभी आहे, तिच्याकडे थोडं पाहू या का? गूळ काढला की पोळी मधुमेहाला चालते, असं दिरांनी धरलं आणि तुम्हीही धरलं. एका पोळीत 40 ग्रॅम कणीक, 30 ग्रॅम डाळ आणि 30 ग्रॅम गूळ असेल, तर कणीक आणि डाळ मिळून 45 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं देतात आणि गूळ 28 च्या आसपास. गूळ पुरता काढला तरी साठेक टक्के ओझं तसंच राहिलं. वरून 'ही बिनसाखरेची आहे' म्हटल्यावर माणूस एकाऐवजी 2 खातो. आबांनी तेच केलं. खापरावरचे मांडे करत असाल तर ते याहून मोठे. शिवाय आखाजीला आमरस आलाच : 150 ग्रॅम रसात साखरेचा कण न घालताही आंब्याची स्वतःची 20 ग्रॅमच्या आसपास साखर असते. तिकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. गुळाबद्दलही सांगून ठेवते, कारण पुष्कळ घरांत गूळ औषधी म्हणून मधुमेह्याला बिनघोर देतात. रक्तातली साखर चढवण्यात गूळ साखरेच्या फार मागे राहत नाही.

आणि एक विचारू? आबांना नेमकं काय हवं आहे, हे कोणी त्यांना विचारलं का? तुमच्या पत्रात दीर बोलतात, यजमान बोलतात, सासूबाई बोलतात, तुम्ही बोलता, आबा बोलत नाहीत. आखाजीला लेकी माहेरी येतात, नातवंडं झोक्यावर असतात, आणि अशा पंगतीत एकट्यासमोर वेगळ्या डब्यातली पोळी येणं पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना गोड न मिळण्यापेक्षा जास्त लागतं. कदाचित आबा म्हणतील, मला सगळ्यांच्यातली अर्धीच द्या, पण तीच द्या.

तसं म्हणाले तर ते सहज जमण्यासारखं आहे. खऱ्या गुळाची अर्धी पोळी, सोबत कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर. भात त्या दिवशी नाही आणि रस दोन चमचे चवीपुरता. आबांची मागच्या तीन महिन्यांची साखर ताब्यात असेल तर बहुतेक डॉक्टर सणाच्या दिवशी एवढं चालवून घेतात, पण आधी विचारा. पोळी जेवणाच्या सुरुवातीला नको; आधी भाजी आणि आमटी पोटात जाऊ द्या. पुरणात गूळ एकतृतीयांश कमी करून वेलची-जायफळ थोडं वाढवलं, तर घरातल्या कोणाला कळणारही नाही, आणि त्याचा फायदा सगळ्यांनाच. गोड चहा सोडवत नसेल तर स्टीव्हिया किंवा सुक्रॅलोजची एखादी गोळी चालते. ती शुगर अल्कोहोल नाही आणि कुत्र्याच्या जिवावरही उठत नाही. पण स्टीव्हियाची सुटी पूड घ्याल तर घटक वाचा. पुष्कळ पाकिटांत स्टीव्हिया चिमूटभर आणि बाकी एरिथ्रिटॉल असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये वजन कमी करण्यासाठी अशा कृत्रिम गोडीचा आधार घेऊ नका असा सल्ला दिला, तोही तुमच्यापर्यंत निरोपातून येईल. तो सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता आणि त्यात शुगर अल्कोहोल धरलेलीच नव्हती.

पाकिटाचं काय करायचं? तुमच्या घरात ते ठेवू नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण एकटा वाघ्या नाही. झायलिटॉल हुबेहूब साखरेसारखं दिसतं. आबांची साखर कधी अचानक उतरली, दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, तर घरातलं जे कोणी जवळ असेल ते धावत जाऊन डब्यातलं चमचाभर तोंडात घालेल. तो डबा झायलिटॉलचा निघाला तर साखर वर येणार नाही आणि मोलाची दहा मिनिटं जातील. जिथे गोळ्या-इन्सुलिन घेणारा माणूस आहे आणि तरीही अशी गोडी वापरायचीच आहे, तिथे तिचा डबा वेगळ्या आकाराचा, वेगळ्या फळीवर आणि वर ठसठशीत नाव लिहिलेला हवा. ग्लुकोजची पूड किंवा खरी साखर कुठे आहे हे पोरासोरांनाही माहीत हवं.

टाकून द्यायचं तर उकिरड्यावर नको. उकिरडा हे गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांचं ताट आहे. पूड बादलीभर पाण्यात विरघळवून संडासात ओता. उरलेल्या पोळ्या असतील तर त्याही तिथेच किंवा खोल खड्ड्यात पुरा, गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवू नका.

सासूबाईंचा चतकोर मोडायची गरज नाही, तो त्यांच्या हातचा धर्म आहे. साध्या कणकेची, बिनगोडाची एक पोळी किंवा कळण्याची भाकरी आधी भाजून घ्या आणि गाय-कुत्र्याचा घास तिच्यातला काढा. गुळाच्या पोळीचा तुकडाही वाघ्याला काही करणार नाही, पण साधं दिलं की चूक व्हायला जागाच राहत नाही. ताटातलं उष्टं बाहेर टाकताना मनुके आणि कांद्याचा मसाला त्यात जाऊ नये, एवढं मात्र बघा.

हे इतर वाचकांनीही लक्षात ठेवावं, कारण झायलिटॉल पुरणातून क्वचित येतं आणि इतर वस्तूंतून जास्त : शुगर-फ्री च्युइंगगम आणि पुदिन्याच्या गोळ्या, काही टूथपेस्ट आणि माउथवॉश, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, काही पातळ औषधं, काही पीनट बटर. वेष्टनावर झायलिटॉल असं नाव नसलं तर 967 हा आकडा शोधा, तो तिचाच. कधी बर्च शुगर असंही लिहितात. कुत्र्याचे दात आपल्या टूथपेस्टनं घासू नका. एरिथ्रिटॉल 968, सॉर्बिटॉल 420, माल्टिटॉल 965. यांनी कुत्र्याच्या अंगात इन्सुलिन उसळत नाही, जास्त खाल्लं तर जुलाब होतात. दुकानातल्या शुगर-फ्री मिठाईत आणि चॉकलेटात बहुतेकदा माल्टिटॉल असतं, आणि ते मधुमेह्याची साखर बऱ्यापैकी चढवतं, हेही इथेच सांगून टाकते.

आणि समजा कुत्र्यानं झायलिटॉल खाल्लंच, तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका. उलटी, झोकांड्या, मरगळ, झटके ही लक्षणं बहुतेकदा तासाभरात येतात, पण कधीकधी 12 तासही लागतात. यकृताचा त्रास तर एक-दोन दिवसांनी उघड होतो, तोवर वरून कुत्रं बरं दिसू शकतं. पाकीट बरोबर घ्या, किती खाल्लं आणि वजन किती याचा अंदाज घ्या आणि पशुवैद्य गाठा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्या मिठानंच कुत्री दगावतात. कोळशाच्या पुडीचा इथे उपयोग नाही, झायलिटॉल तिला फारसं चिकटत नाही. कुत्रं शुद्धीवर असून लटपटत असेल तर वाटेत त्याच्या हिरड्यांना मध किंवा साखरेचं घट्ट पाणी चोळा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका. दवाखान्यात शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी, लावतात, साखर पुन्हापुन्हा तपासतात आणि यकृताकडे तीनेक दिवस लक्ष ठेवतात. याला उतारा असं वेगळं औषध नाही, वेळेवर पोचणं हाच उपाय. खेड्यातून तालुक्याला जायचं म्हणजे वेळ लागतो, म्हणून पशुवैद्यांचा फोन नंबर आजच लिहून ठेवा आणि सणाच्या दिवशी ते असतात का तेही विचारून घ्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक 1962 आहे, पण ती सोय मुख्यतः गुराढोरांसाठी असल्यानं कुत्र्यासाठी गाडी येईलच असं धरून बसू नका.

राहिले दीर. त्यांना तुम्ही नका सांगू, आबांनाच फोन करू द्या. "तू आठवण ठेवून पाठवलंस, मला बरं वाटलं, पण माझ्या पोटाला आणि हृदयाला ते मानवणारं नाही," एवढं बापानं म्हटलं की भावजयीनं नाकारलं असा विषयच उरत नाही. आणि पुण्याहून काही पाठवायचंच असेल तर ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पाठवायला सांगा. आखाजीला जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा आबांची साखर मोजून वहीत लिहा. अर्धी पोळी त्यांना किती चढते हे त्या दोन आकड्यांवरून कळेल, आणि पुढच्या सणाला, कानबाईच्या रोटांच्या वेळी, किती वाढायचं ते त्यावरून ठरवता येईल.